बारा सेकंदांचा भोवरा

ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला मिळालेल्या प्रोजेक्टच्या अटी एका ओळीत बसल्या होत्या. लांबी दहा ते पंधरा सेकंद, कॅमेरा एकच आणि तोही जागचा हलणार नाही, माणूस किंवा प्राणी नको, आणि सिम्युलेशन वापरायचं नाही. खरी मेख शेवटच्या अटीत होती. ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चेंडूला वजन द्या, खाली जमीन द्या, बटण दाबा, चेंडू आपोआप उसळतो. ते चालणार नव्हतं. जे हलेल ते कीफ्रेम लावूनच हलवायचं. अमुक फ्रेमला वस्तू इथे, तमुक फ्रेमला तिथे, एवढं आपण सांगायचं, मधल्या फ्रेम संगणक भरणार.

वर्गात निम्म्याहून जास्त जणांनी चेंडूच घेतला. उरलेल्यांनी टेबललॅम्प, लंबक, वाऱ्यावर हलणारी दारं. मी भोवरा घेतला. आजोळ सावंतवाडीचं, त्यामुळे चितारआळीतला लाखकामाचा भोवरा घरात होताच. जुना, मामाच्या लहानपणचा, दुसऱ्या भोवऱ्यांच्या आरांचे, म्हणजे खालच्या खिळ्यांचे, घाव खाल्लेला, आणि बाजूला एक चांगला मोठा टवका उडालेला. गोष्ट एवढीच ठरवली: फरशीवर एक नवा कोरा भोवरा आडवा पडलेला आहे. बाहेरून जुना भोवरा येऊन पडतो, फिरतो, डोलतो, कोसळतो आणि लवंडत येऊन नव्याला टेकतो. टेकतो तेव्हा टवका कॅमेऱ्याकडे दिसला पाहिजे. बस. सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने बारा सेकंद म्हणजे 288 फ्रेम.

सरांनी कल्पना ऐकली आणि एकच प्रश्न विचारला, "भोवरा थांबतो तेव्हा नेमकं काय होतं?"

"हळूहळू वेग कमी होतो आणि पडतो."

"कसा पडतो?"

यावर वर्गातल्या कुणाकडेच उत्तर नव्हतं. भोवरा सगळ्यांनी पाहिलेला, दोघातिघांनी फिरवलेलाही, पण पडताना कुणी पाहिला नव्हता. तोपर्यंत जो तो जाळी, म्हणजे भोवऱ्याची दोरी, गुंडाळायच्या घाईत असतो.

मग सुट्टीत सावंतवाडीला जाऊन मामालाच कामाला लावला. त्याचा हात अजून बसलेला आहे. आरेपासून गच्च जाळी गुंडाळत वर आणायची, गाठ बोटांत धरायची आणि सट्कन सोडायचं. दोन वेळा तर त्याने हौसेने हातजाळी करून भोवरा थेट तळहातावर घेतला. ते बघायला फार छान, माझ्या कामाला शून्य, कारण अटीत माणूस नाही म्हणजे हातही नाही. "बघ गो, हे घे ना त्यात," म्हणून तो मागेच लागला होता. मोबाइल फरशीवर एका जाड पुस्तकाला टेकवून आडवा ठेवला आणि 240 फ्रेमच्या स्लो मोशनवर शूटिंग केलं. स्लो मोशनला उजेड भरपूर लागतो, खोलीत सगळं काळपट येतं, म्हणून ओटीवरची उन्हातली फरशी निवडली. 240 चा फायदा असा की दर दहावी फ्रेम उचलली की आपली 24 ची मोजणी तयार.

घरी परतल्यावर ती क्लिप एक-एक फ्रेम पुढे सरकवत वहीत लिहून काढली: फ्रेम नंबर, आर कुठे, भोवरा किती कललेला, कुठल्या दिशेला. कंटाळवाणं काम आहे. पण माझ्या मते प्रोजेक्ट इथेच झाला, पुढचं बरंचसं हमाली काम.

वहीत दिसलं ते असं. भोवरा पडल्या पडल्या कललेला असतो आणि आरेवर भटकतो, छोटी वर्तुळं काढत. मग सरळ उभा होतो आणि काही वेळ इतका स्तब्ध राहतो की फिरतोय की नाही कळत नाही. नंतर डोलायला लागतो. इथे पहिली गंमत. फिरण्याचा वेग कमी होत जातो, पण डोलण्याचा वेग वाढत जातो. सुरुवातीला एका डोलाला बारा-तेरा फ्रेम लागत होत्या, शेवटी शेवटी पाच-सहा. यामागचं शास्त्र अकरावीच्या फिजिक्समध्ये होऊन गेलं असणार: गुरुत्वाकर्षणाची ओढ तेवढीच राहते आणि फिरकीचा जोर घटतो, त्यामुळे अक्ष जास्त वेगाने भोवताली फिरू लागतो. परीक्षेत त्यावर गणितं सोडवली होती, पण फरशीवरच्या भोवऱ्याशी त्यांचा संबंध आहे हे वहीतले आकडे बघितल्यावर लक्षात आलं.

दुसरी गंमत पडण्याची. डोलता डोलता भोवऱ्याचं पोट फरशीला लागतं. त्या क्षणापर्यंत डोल ज्या दिशेने चाललेला असतो, पोट टेकताच भोवरा त्याच्या उलट दिशेने लवंडत सुटतो. पहिल्यांदा वाटलं, फरशीला उतार असेल. मामाने सोडलेला प्रत्येक भोवरा तसाच उलटा पळाला होता. विचार केला तर सरळ आहे. उभा असेपर्यंत डोल फिरकीच्याच दिशेने जातो. आडवा झाला की तीच फिरकी चाकासारखी जमिनीला धरते आणि भोवऱ्याला मागे ओढून नेते. पापणी लवेपर्यंत हे होऊन जातं, म्हणून साध्या डोळ्यांना जाणवतं पण दिसत नाही. आणि ॲनिमेशनमध्ये नसलं तर काहीतरी खोटं आहे एवढं प्रेक्षकाला कळतं, काय ते सांगता येत नाही.

मॉडेल बनवायला वेळ लागला नाही. भोवऱ्याची अर्धी बाह्यरेषा काढायची आणि ती अक्षाभोवती फिरवून घ्यायची, सुतार चरकावर करतो तेच. रंगाचे पट्टेही आडवे, गोल. खऱ्या भोवऱ्यावर ते तसेच असतात, कारण लाकूड चरकावर फिरत असताना लाखेची कांडी त्याला दाबून धरतात, घासण्याच्या उष्णतेने लाख वितळते आणि पट्टा चढतो.

आता हलवायचं कसं? एकाच वस्तूच्या रोटेशनला कीफ्रेम लावून फिरकी, कल आणि डोल तिन्ही करायला गेलं तर तीन अक्षांचे आकडे एकमेकांत गुंततात, कलाची कीफ्रेम बदलली की डोल बिघडतो. वर्गातल्या एका मित्राने क्वाटर्नियन, म्हणजे फिरणं आकड्यांत मांडायची दुसरी पद्धत, वापर म्हणून सुचवलं. पात्राच्या हाडांच्या सांगाड्याला ते ठीक आहे, पण क्वाटर्नियन दोन कीफ्रेमच्या मधला सर्वांत जवळचा रस्ता धरतो. दहा पूर्ण फेरे सांगितले तर त्याच्या लेखी सुरुवात आणि शेवट एकच, भोवरा ढिम्म हलणार नाही. मग एम्प्टी घेतल्या. एम्प्टी म्हणजे रेंडरमध्ये, म्हणजे शेवटी तयार होणाऱ्या चित्रात, न दिसणारा नुसता बिंदू, त्याला दुसऱ्या वस्तू जोडता येतात. मी तिघी एकीत एक जोडल्या आणि त्यांची नावं मराठीतच ठेवली: जागा, तिच्या पोटात डोल, डोलच्या पोटात कल. सगळ्यात आत खुद्द भोवरा, त्याला फक्त फिरकी. चौघांचाही मूळबिंदू आरेच्या टोकावर. आता जागा फक्त सरकते, डोल फक्त उभ्या अक्षाभोवती फिरतो, कल फक्त तिरका होतो, आणि एकाला हात लावला तर दुसरा बिघडत नाही. चार ओळींची ही रचना पुढे इतकी उपयोगी पडली की जे काही गोल फिरतं त्याला मी आता हीच लावते.

फिरकीने मात्र छळलं. वहीच्या अंदाजाने सुरुवातीला भोवरा सेकंदाला वीसेक फेरे घेत होता. म्हणजे एका फ्रेममध्ये 300 अंश. तसं भरलं आणि चालवून पाहिलं तर टवका उलटा फिरतोय. चूक कुणाचीच नाही. डोळ्याला फक्त फ्रेम दिसतात, आणि 300 अंश पुढे जाणं आणि 60 अंश मागे येणं यांचं चित्र एकच. सिनेमात गाडीची चाकं उलटी फिरताना दिसतात ती याचमुळे. एकच खूण असेल तर एका फ्रेमला 180 अंशांपर्यंत, म्हणजे सेकंदाला बारा फेऱ्यांपर्यंत दिशा कशीबशी टिकते. भोवऱ्यावर चार उभे सारखे पट्टे असते तर तीनच फेऱ्यांना गोंधळ सुरू झाला असता आणि सहा फेऱ्यांना भोवरा जागेवर गोठल्यासारखा दिसला असता. वर्गात एकीने पंखा केला होता, तीन पात्यांचा, तिचं दुखणं हेच होतं.

यावर उपाय खऱ्या भोवऱ्याकडूनच मिळाला. जोरात फिरताना टवका कुठे दिसतो? त्या उंचीवर एक फिकट कडं दिसतं, बस. मग दोन रंगकामं केली, एकात टवका, दुसऱ्यात टवक्याच्या जागी फिकट पुसट कडं, आणि दोन्हींच्या मिश्रणाच्या आकड्यालाच कीफ्रेम लावल्या. ब्लेंडरमध्ये जवळजवळ कुठल्याही आकड्याला कीफ्रेम लावता येते, नुसत्या जागेला आणि कोनालाच लागते असं नाही, हे बऱ्याच जणांच्या गावी नसतं. भोवरा जोरात असेपर्यंत कडं. वेग एका फ्रेमला साधारण 60 अंशांवर आला की टवका हळूच उगवतो. कुणीही विचारलं नाही की टवका आधी कुठे होता.

कीफ्रेम लावताना सरांचा एक दंडक होता: पहिला आठवडा सगळं कॉन्स्टंटवर. म्हणजे मधल्या फ्रेम भरू द्यायच्याच नाहीत. वस्तू एका पोझमध्ये थांबते आणि टुणकन पुढच्या पोझमध्ये जाते. दिसायला भयंकर, पण वेळेचं गणित उघडं पडतं. गुळगुळीत हालचाल सगळं झाकून टाकते. पडणं, भटकणं, उभं राहणं, डोलणं, कोसळणं, लवंडणं, टेकणं, नव्या भोवऱ्याचं हलणं: एवढ्या मोजक्या पोझ आणि त्यांचे फ्रेम नंबर. भोवरा उभा स्तब्ध राहण्याला मी 96 ते 168, म्हणजे पूर्ण तीन सेकंद दिले होते. सर म्हणाले, "तीन सेकंद काहीच होत नाहीये." मी म्हटलं, तेच तर भोवऱ्याचं सगळ्यात सुंदर आहे. थोडी घासाघीस होऊन ते तीन सेकंद राहिले. अजूनही मला त्या फिल्ममधला तोच भाग आवडतो.

ही पद्धत काही संगणकाची नाही. हाताने चित्रं काढण्याच्या काळात मोठा ॲनिमेटर मुख्य पोझ काढायचा आणि मधली चित्रं भरायला हाताखालची मुलं असायची. मुंबईत सरकारी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नीत काम केलेले क्लेअर वीक्स 1956 मध्ये शिकवायला आले, त्यांच्या हाताखाली ॲनिमेटर राम मोहन तयार झाले. आमचे सर स्वतःला त्याच परंपरेतले म्हणवतात, ते कितपत खरं देव जाणे. संगणकाला हे इनबिटवीनचं काम सांगण्याची सुरुवात कॅनडात झाली. 1970 च्या आसपास तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी कीफ्रेमची यंत्रणा बांधली. त्यावर पीटर फोल्देस यांनी केलेल्या 1974 च्या लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, आणि बर्टनिक-वाइन या दोघांना पुढे नव्वदीच्या दशकात अकादमीचा तांत्रिक पुरस्कार. प्रोजेक्टच्या फायलीत इतिहासाचं एक पान सक्तीचं होतं. सगळ्यांनी तेच ते चिकटवलं होतं, मी हे लिहिलं. मार्क पडले की नाही कळलं नाही.

कॉन्स्टंट काढून बेझिअरवर, म्हणजे मधल्या फ्रेम गुळगुळीत भरण्यावर, टाकलं, आणि दुसऱ्या अर्थाने भयंकर झालं. भोवरा पाण्यात फिरत असल्यासारखा. संगणक मधल्या फ्रेम भरतो म्हणजे प्रत्येक कीफ्रेमपाशी वेग हळुवार कमी करतो आणि हळुवार वाढवतो, जमिनीवर आपटतानासुद्धा. शिवाय कर्व्ह गुळगुळीत ठेवण्याच्या नादात तो कधी कधी कीफ्रेमच्या पलीकडे जातो. 33 व्या फ्रेमला आर जमिनीवर आहे असं मी सांगितलेलं, पण पुढच्या फ्रेमला ती फरशीच्या आत. हालचालीच्या रेषा दाखवणारा ग्राफ एडिटर उघडून जमिनीला टेकण्याच्या प्रत्येक कीफ्रेमचं हँडल व्हेक्टर केलं, म्हणजे रेषा तिथे गोलाईने न वळता टोकदार मोडते, तेव्हा कुठे खटका आला.

उसळीचं गणित तर मी वर्गातल्या सगळ्यांना मोबाइलवर पाठवलं होतं. कुठलीही वस्तू हातातून नुसती सुटली की 24 च्या हिशेबात पहिल्या फ्रेमला पाऊण-एक सेंटिमीटर खाली येते, दुसऱ्याला त्याच्या तिप्पट, तिसऱ्याला पाचपट, चौथ्याला सातपट. चार फ्रेममध्ये साडेतेरा सेंटिमीटरच्या आसपास. उलट बाजूने बघितलं तर एक सेंटिमीटरची उसळी म्हणजे जेमतेम एक फ्रेम वर आणि एक फ्रेम खाली. माझ्या भोवऱ्याची पहिली उसळी दोन फ्रेमची आहे. दिसते का? नाही. काढून टाकली तर? भोवरा फरशीला चिकटलेला वाटतो. आणि तीच उसळी आठ-दहा फ्रेमची केली तर भोवरा एकदम घराएवढा वाटायला लागतो, कारण लहान वस्तू हळू पडत नाहीत. लाकूड असल्यामुळे चेंडूसारखं चपटं करण्याची सोय नव्हती, सगळं वजन या दोन-दोन फ्रेमवर तोलायचं होतं.

ग्राफमध्ये फिरकीची रेषा मला पाठ झाली होती. उभी बाजू कोन, आडवी बाजू वेळ, त्यामुळे रेषेची चढण म्हणजेच वेग. सुरुवातीला खडा चढ, मग हळूहळू सपाट. दोनच कीफ्रेम, बाकी सगळा खेळ हँडलच्या लांबीचा. डोलाची रेषा याच्या नेमकी उलट, सुरुवातीला आळसावलेली आणि शेवटाकडे चढत जाणारी. दोन्ही एकावर एक ठेवून बघितल्या की भोवऱ्याचा मृत्यू कागदावर काढल्यासारखा दिसायचा.

कोसळण्याला खूप वेळ गेला, आणि तो जायलाच हवा होता. सुदैवाने भोवऱ्याचा आकार शंकूसारखा, त्यामुळे आडवा पडला तरी आर आणि पोट या दोन्हींवर टेकतो आणि आरेभोवतीच गोल लवंडतो. म्हणजे माझ्या तिन्ही एम्प्टी जशा होत्या तशा चालल्या. 236 व्या फ्रेमला पोट टेकतं. तिथे डोलाची रेषा टोकदार मोडली आणि उलटी वळवली. आता फिरकीला मनमानी करता येत नव्हती. आरेपासून पोटापर्यंतची तिरकी लांबी सहा सेंटिमीटर, पोटाची त्रिज्या तीन, म्हणजे डोल पाव फेरा मागे गेला तर भोवऱ्याने स्वतःभोवती अर्धा फेरा घेतलाच पाहिजे. हे प्रमाण चुकलं की भोवरा लवंडत नाही, घसरतो, आणि फरशी तेलकट वाटते. पण एकदम अचूक ठेवलं तेव्हाही ते जरा यंत्रासारखं वाटलं. पहिल्या दोन फ्रेमना मुद्दाम थोडा घसरू दिला, मग पकड. मामाच्या क्लिपमध्येही तसंच होतं, पुसट, पण होतं.

मग टवका. सगळं जुळलं, भोवरा नव्याला येऊन टेकला, आणि टवका मागच्या बाजूला. लवंडण्याचं प्रमाण बांधलेलं, तिथे हात लावता येत नाही. पण पहिल्या शंभर फ्रेममध्ये भोवऱ्यावर नुसतं कडं दिसतंय, तो किती अंशांवरून सुरू झाला हे कोण बघायला गेलंय! सुरुवातीच्या कीफ्रेमपासून शेवटपर्यंत फिरकीची आख्खी रेषा 140 अंशांनी वर सरकवली. टवका बरोबर समोर.

रेंडरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. लॅपटॉप आठ जीबीचा, एका फ्रेमला दोनेक मिनिटं, म्हणजे 288 फ्रेमना साडेनऊ तासांच्या वर. व्हिडिओ फाइल न काढता प्रत्येक फ्रेमचं वेगळं पीएनजी काढायचं, हे मात्र नवीन मुलांनी लक्षात ठेवावं. आमच्याकडे मध्यरात्री वीज गेली, बॅटरीही संपली, पण झालेल्या फ्रेम फोल्डरमध्ये सुरक्षित होत्या, उरलेल्या सकाळी लावल्या. आवाज मामाच्या ओटीवरचाच, भोवऱ्याची गुणगुण आणि जाळीचा सट्. पण सरांनी तो आधी बंद करून दाखवायला लावलं होतं, आवाजाने टायमिंगचं पाप झाकलं जातं म्हणून.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. फिल्म दोनदा बघितली, फाइल उघडायला लावली, डोल-कल-फिरकी वाचून हसले. मग म्हणाले, "हे सिम्युलेशनने दहा मिनिटांत झालं असतं की. अटीचं सोडा, उद्या नोकरीत अट नसेल. तेव्हा काय कराल?"

मी म्हटलं, सिम्युलेशनमध्ये भोवरा छान पडला असता, पण कुठे पडला असता ते त्याने ठरवलं असतं. मला तो या भोवऱ्याला टेकायला हवा होता, 262 व्या फ्रेमला, टवका इकडे करून. दहा मिनिटांत पडला असता आणि मग तसा पडावा म्हणून आठवडाभर आकडे बदलत बसले असते.

त्यांनी टाइमलाइन 262 वर नेली, मग एक फ्रेम मागे, एक फ्रेम पुढे. म्हणाले, "नवा भोवरा एक फ्रेम आधीच हलतोय."

मी ते मुद्दाम केलं होतं. नेमक्या 262 ला हलवला तर धक्का उशिरा बसल्यासारखा वाटत होता. तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा चालवून बघितलं, मान हलवली आणि तरीही त्याचा एक मार्क कापला.